आदिस अबाबा: वरून खाली उतरत पाहायचं शहर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे जोहान्सबर्गला जाताना आदिस अबाबाला विमान बदलायचं आहे, तर तिथे दोन दिवस थांबण्यासारखं काही आहे का, की विमानतळावरच वेळ काढून पुढे जावं? सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत आणि तुम्ही सगळे शाकाहारी आहात.

थांबा, नक्की थांबा. मी आदिसला अकरा वर्षं शिकवलं आहे आणि परत आल्यापासून दरवर्षी आठ-दहा जणांचा गट घेऊन तिथे जातो. त्या अनुभवावरून हे सांगतोय.

आधी एक मोकळेपणाने सांगतो. आदिस पहिल्या नजरेत भरत नाही. कैरोचे पिरॅमिड नाहीत, केप टाउनचा समुद्र नाही. बोले विमानतळाबाहेर पडलात की काचेच्या उंच इमारती, त्यांच्या शेजारी लाकडी परांच्या बांधलेल्या अर्धवट इमारती, निळ्या-पांढऱ्या मिनीबस आणि त्यांच्या दारातून ठिकाणांची नावं ओरडणारी पोरं दिसतात. बरेच जण एवढंच बघून ‘तिथे काही नाही’ म्हणतात. त्यांची सुरुवातच चुकलेली असते. बोले हा शहराचा नवा आणि सखल भाग. हे शहर डोंगरावरून खाली घरंगळत वसलं, त्यामुळे पाहायचंही त्याच क्रमाने, वरून खाली. मी प्रत्येक गटाला तसंच नेतो आणि दोन दिवसांत त्यांना शहराचा धागा सापडतो.

पहिल्या सकाळी गाडी करून थेट एन्तोतोच्या डोंगरावर जा. विमानतळच समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून जवळजवळ सातशे मीटर उंच. एन्तोतो तर ३,००० मीटरच्याही वर. एक जिना चढला तरी धाप लागते. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी उंचीबद्दल बोलून घ्या. वरपर्यंत गाडी जाते, चालणं थोडंच पडतं. स्वेटर आणि शाल मात्र हातात ठेवा, उन्हातही वारा बोचतो.

वर पोचताच निलगिरीचा वास येतो. सकाळी त्या उतारावर सरपण वाहणाऱ्या बायका दिसतात. पाठीवर स्वतःपेक्षा लांब फांद्यांचा आडवा भारा, छातीवर दोरीची गाठ, कंबर काटकोनात वाकलेली, आणि पायात प्लॅस्टिकच्या चपला. भारा इतका रुंद की त्या जात असताना गाडीला बाजूला थांबावं लागतं. या शहराचा सगळा इतिहास एका परीने त्या भाऱ्यात बांधलेला आहे.

झालं असं, की १८८० च्या दशकात शेवा प्रांताचा राजा मेनेलिक याने आपली राजधानी या डोंगरमाथ्यावर थाटली. संरक्षणाला जागा उत्तम, बाकी सगळी गैरसोय. थंडी, वारा, पाण्याची ओढाताण, आणि आजूबाजूची झाडं तोडून संपल्यावर सरपणाचे हाल. राणी तायतू पायथ्याच्या फिलवोहा या गरम पाण्याच्या झऱ्यांवर उतरायची. तिला ती जागा आवडली, तिथे तिने घर बांधून घेतलं, आणि १८८६ साली त्या वस्तीला नाव दिलं आदिस अबाबा, म्हणजे नवं फूल. हळूहळू सरदारही खाली आले आणि राजधानी राणीच्या मागे मागे उतरली. त्या झऱ्यांचं पाणी आजही फिलवोहाच्या स्नानगृहांत येतं आणि गावातली माणसं पैसे भरून तिथे आंघोळीला जातात.

हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ती जागा मोकळी नव्हती. तिथे ओरोमो लोकांची वस्ती आणि गुरांची कुरणं होती, आणि ते त्या जागेला फिनफिने म्हणत. राजधानी वसली तशी त्यांना तिथून हटावं लागलं. आजही ओरोमो माणूस शहराला फिनफिनेच म्हणतो. हा त्यांच्यासाठी हळवा विषय आहे, तेव्हा कोणी ते नाव घेतलं तर ऐकून घ्या, वाद घालू नका.

खाली आल्यावर सरपणाचा प्रश्न सुटला नाहीच. १९०० च्या सुमारास मेनेलिक पश्चिमेला आदिस आलेम नावाची दुसरी राजधानी वसवायला निघाला होता. शहर वाचलं ते ऑस्ट्रेलियातून आणलेल्या निलगिरीमुळे. भराभर वाढणारं, तोडलं तरी पुन्हा फुटणारं झाड. अम्हारिकमध्ये त्याला ‘बाहर झाफ’ म्हणतात, म्हणजे समुद्रापलीकडचं झाड. परांच्या त्याच्याच, जुन्या घरांचे वासे त्याचेच, आणि त्या बायकांच्या पाठीवरचा भाराही त्याचाच.

एन्तोतोवर मरियमचं अष्टकोनी चर्च आहे. १८८९ मध्ये मेनेलिकला सम्राटपदाचा अभिषेक इथेच झाला. शेजारी त्याचा वाडा. मातीच्या भिंती, वर गवती छप्पर, खोल्या इतक्या साध्या की आपल्या गटातले लोक विचारतात, “हा राजवाडा?” याच माणसाने सात वर्षांत एका युरोपीय सत्तेचा उघड मैदानात पराभव केला. ती हकीकत खाली उतरल्यावर सांगतो.

एन्तोतोवरून पियासा या जुन्या भागात या. मघाशी म्हटलेली ती हकीकत, म्हणजे अद्वाच्या लढाईची, इथे सांगतो. १८८९ मध्ये इटलीशी वुचालेचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमाची अम्हारिक प्रत म्हणत होती की परराष्ट्र व्यवहारासाठी इथिओपिया इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रत म्हणत होती की घ्यावीच लागेल. एका क्रियापदात अख्खा देश इटलीच्या ताब्यात गेला असता. मेनेलिकने तह धुडकावला. या बाबतीत तायतू त्याच्याहून कडक होती, आणि ती स्वतः सैन्य घेऊन उत्तरेला गेली. मेकेलेच्या किल्ल्यातल्या इटालियनांचं पाणी तोडण्याचा डाव तिचाच मानला जातो. १ मार्च १८९६ ला अद्वाच्या डोंगरात इटालियन फौजेचा धुव्वा उडाला. आफ्रिकेचे तुकडे पाडून वाटून घेण्याच्या त्या काळात हा देश स्वतंत्र राहिला तो या विजयामुळे.

पियासातल्या सेंट जॉर्जच्या चर्चसमोर मेनेलिकचा अश्वारूढ पुतळा आहे. पुढे इटालियनांनी शहर घेतलं तेव्हा त्यांनी तो उतरवून पुरला होता, १९४१ नंतर तो पुन्हा उभा राहिला. जवळच २०२४ मध्ये अद्वा विजयाचं मोठं संग्रहालय उघडलं, त्याला दीड-दोन तास द्या. त्याच वर्षी पियासाचा बराचसा जुना भाग रस्तारुंदी आणि नव्या बांधकामासाठी पाडला गेला. लाकडी सज्जे, आर्मेनियन आणि ग्रीक व्यापाऱ्यांची जुनी घरं, ज्या गल्लीत मी वर्षानुवर्षं चपला दुरुस्त करून घेतल्या ती गल्ली, सगळं गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतं. जुन्या माहितीपुस्तकात पियासाचं जे वर्णन वाचाल ते आता तसंच्या तसं सापडणार नाही.

दुपारी सिदिस्त किलो. इथली चौकांची नावं ऐकून मजा वाटते: अरात किलो, अम्मिस्त किलो, सिदिस्त किलो, म्हणजे चार, पाच आणि सहा किलो. सिदिस्त किलोला विद्यापीठ आहे, आणि विद्यापीठाच्या आवारात सम्राट हैले सेलासी यांचा जुना राजवाडा. त्यांनी तो १९६१ मध्ये विद्यापीठाला देऊन टाकला. आता त्यात मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. वेळ कमी असेल आणि शहरात एकच संग्रहालय पाहायचं असेल तर मी हेच सांगेन.

आत जाण्याआधी दारासमोर थांबा. तिथे एक सिमेंटचा जिना आहे, जो कुठेच जात नाही. चार पावलं लांबून पाहिलं तर अर्धवट राहिलेलं बांधकाम वाटतं. तो इटालियनांनी बांधला. मुसोलिनी सत्तेवर आल्यापासूनच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी. देश मुक्त झाल्यावर इथिओपियाच्या लोकांनी जिना पाडला नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर त्यांनी आपला सिंह नेऊन बसवला, ‘यहुदाचा सिंह’, राजघराण्याचं चिन्ह. लहानसाच आहे. मी दरवेळी गटाला तिथे पाच मिनिटं नुसतं उभं करतो.

याच राजवाड्याच्या आवारात १९ फेब्रुवारी १९३७ ला इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानीवर दोन तरुणांनी हातबॉम्ब फेकले, अब्राहा देबोच आणि मोगेस असगेदोम. तो वाचला. पुढचे तीन दिवस शहरात घरं पेटवली गेली आणि दिसेल त्या माणसाला मारलं गेलं, हजारोंनी. आपल्या जालियनवालाबागेसारखीच ही तारीख तिथल्या माणसांच्या मनात कोरलेली आहे. त्यांच्या पंचांगात ती येकातित १२, आणि चौकातल्या उंच स्तंभाचं नावही तेच. स्तंभाच्या पायथ्याशी कोरलेली शिल्पं जवळ जाऊन पाहा.

संग्रहालयात वरच्या मजल्यावर सम्राटांची शयनगृहं आणि न्हाणीघर जसंच्या तसं ठेवलंय. बाकी दालनांत जन्मापासून मरणापर्यंतच्या क्रमाने देशातल्या समाजांच्या वस्तू मांडल्या आहेत. बाळाला पाठीला बांधायची चामडी झोळी, लग्नाचे दागिने, थडग्यांवरचे कोरीव खांब. मांडणी इतकी जिव्हाळ्याची आहे की सासूबाई इथे रमतील.

अम्मिस्त किलोला राष्ट्रीय संग्रहालय. तिथे ल्यूसी आहे, म्हणजे मानवाच्या पूर्वजकुळातल्या एका मादीचा सांगाडा, ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४ मध्ये अफार भागात हादार इथे सापडलेली. मूळ हाडं तिजोरीत असतात, बाहेर हुबेहूब प्रतिकृती मांडली आहे. उभी केली तर जेमतेम साडेतीन फुटांची. इथिओपियन लोक तिला ल्यूसी म्हणत नाहीत, ‘दिंकिनेश’ म्हणतात, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’. काचेसमोर आलेली शाळकरी पोरं हे नाव मोठ्याने वाचतात तेव्हा ऐकायला फार छान वाटतं.

आता आपला धागा. ‘हबशी’ हा शब्द आपण लहानपणापासून वापरतो, तो ‘हबेशा’वरून आला. इथले उंचावरच्या मुलखातले लोक स्वतःला आजही अभिमानाने हबेशा म्हणवतात. अहमदनगरची निजामशाही सावरणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनला पोचला, आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींचं मूळही त्याच किनाऱ्यांपलीकडचं. गेल्या शतकातही येणं-जाणं थांबलं नाही: १९४१ च्या केरेनच्या लढाईत, आजच्या एरिट्रियात, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इटालियनांविरुद्ध लढले. नंतर हैले सेलासींच्या काळात इथल्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने आले. साठीच्या पुढचा कुणी आदिसकर भेटला आणि तुम्ही भारतीय आहात हे कळलं, की हमखास म्हणेल, “मला गणित एका भारतीय मास्तरांनी शिकवलं.” मला हे भाजीवाल्याने, डॉक्टरने आणि एका न्यायाधीशाने सांगितलं आहे. त्या ओळखीमुळे मला पहिल्या दिवसापासून जो मान मिळाला तो माझ्या आधीच्या अनोळखी शिक्षकांनी कमावलेला होता.

दुसरा दिवस खालच्या शहराचा. सुरुवात मेस्केल चौकातून. १९७४ मध्ये देर्ग नावाच्या लष्करी मंडळाने सम्राटांना पदच्युत करून एका लहानशा फोक्सवॅगनमधून नेलं, आणि पुढच्या वर्षी ते कैदेत वारले. मग त्याच मंडळातल्या मेंगिस्तूची राजवट आली. त्याने याच चौकात लाल पाण्याने भरलेल्या बाटल्या फोडून शत्रूंचं रक्त सांडण्याची घोषणा केली. त्यानंतरच्या ‘लाल दहशती’त तरुण मुलं हजारोंनी मारली गेली. चौकाच्या कडेला त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे, आणि तिथे माहिती देणाऱ्यांत त्या तुरुंगांतून वाचलेली माणसंही असतात. आत मानवी अवशेष मांडलेले आहेत. सासूबाईंना नेऊ नका, पण तुम्ही स्वतः जा.

तिथून आफ्रिकन युनियनचं मुख्यालय गाडीतून पाहा. चीनने बांधून दिलेली ही इमारत २०१२ मध्ये उघडली. ती जिथे उभी आहे तिथे आधी तुरुंग होता आणि लोक त्याला ‘आलेम बेकान्य’ म्हणत, म्हणजे ‘जगाला रामराम’. त्यापेक्षा मला जवळची वाटते ती आफ्रिका हॉल. इथे २५ मे १९६३ ला ३२ स्वतंत्र देशांनी आफ्रिकन एकता संघटना स्थापन केली, आणि इथेच आफेवेर्क तेक्ले यांची दीडशे चौरस मीटरची रंगीत काचेची भिंत आहे. आत जायला आधी नोंदणी लागते, निघण्यापूर्वीच करा.

मेर्कातोचा बाजार प्रचंड आहे. ओळखीचा माणूस सोबत असेल तर मसाल्यांच्या गल्लीत अर्धा तास फिरा, पाकीट आणि फोन आतल्या खिशात ठेवा. नसेल तर सोडून द्या. मेनेलिकच्या खाली शहरातल्या राजवाड्याच्या आवारातलं युनिटी पार्क सासूबाईंसाठी सोयीचं, तिथे बसायला जागा भरपूर आहे.

जेवणाची काळजी तर मुळीच करू नका. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन इथे बुधवार-शुक्रवारी आणि ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस उपास करतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही, सगळं तेलातलं. कुठल्याही हॉटेलात “येत्सोम बेयाइनेतू” मागा, म्हणजे उपासाचं मिश्र ताट. मोठ्या परातीएवढ्या इंजेरावर मसुरीची तिखट आमटी, वाटाण्याची पिवळी डाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट असे ढीग येतात. इंजेरा तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून करतात, आंबोळीच्या जातीचा पदार्थ, फक्त जास्त आंबट आणि एका बाजूला जाळीदार. आणि ‘शिरो’ मागाच. नाव ऐकून गोड शिरा समजू नका, ते हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं आहे, मातीच्या भांड्यात खदखदत टेबलावर येतं. माझ्या गटातल्या एका आजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपलंच.” इतर दिवशी भाजीत मसाल्याचं तूप असू शकतं, एवढंच लक्षात ठेवा.

सगळे एकाच ताटात, उजव्या हाताने जेवतात. यजमान एक घास करून तुमच्या तोंडाजवळ आणेल, त्याला गुर्शा म्हणतात. नाही म्हणू नका, तोंड उघडा. घास भरवण्यातला जिव्हाळा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

घड्याळाचं मात्र नीट समजून घ्या. इथे दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्या घटिकांसारखा. सकाळी सात म्हणजे त्यांचा एक वाजला. ड्रायव्हर “तीन वाजता येतो” म्हणाला तर तो सकाळी नऊला येईल. माझी एका सहकाऱ्याच्या घरची पहिली भेट यामुळे हुकली होती आणि तो तीन तास वाट पाहत बसला होता. वेळ ठरवताना “हबेशा की फेरेंजी?”, म्हणजे इथली वेळ की परदेशी, एवढं विचारा. वर्षही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, आणि बारा महिन्यांनंतर पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना, पागुमे.

आता कामाच्या गोष्टी. व्हिसा आधीच ऑनलाइन काढा. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या. इथिओपियात राहून गेल्यावर दक्षिण आफ्रिकेत उतरतानाही दाखला मागतात, आणि भारतात परतताना दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात. साठीच्या पुढे या लशीचे गंभीर परिणाम क्वचित पण जास्त दिसतात, म्हणून सासूबाईंचं डॉक्टरांशी स्वतंत्र बोलून ठरवा. हा निर्णय सगळ्यात आधी घ्या, बाकी तिकीट-हॉटेल नंतर. जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम. सप्टेंबरअखेर गेलात तर मेस्केल या क्रॉसच्या सणाची होळी आणि डोंगरभर पिवळी फुलं, १९ जानेवारीच्या आसपास तिमकेत, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. सरकारी इमारती आणि राजवाड्यांचे फोटो काढू नका. चर्चमध्ये चपला बाहेर आणि डोक्यावर ओढणी. आदिसबाहेर जायचं मनात आलं तर तिथली त्या आठवड्याची परिस्थिती विचारून मगच ठरवा.

शेवटची संध्याकाळ कॉफीसाठी मोकळी ठेवा. तोमोकाची कॉफी १९५३ पासून प्रसिद्ध आहे, उभ्याने प्या आणि दाणे घरी न्या. पण खरी कॉफी ती घरची. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, शेगडीवर कढईत हिरवे दाणे तडतडत काळे होतात, बाई कढई तुमच्यापुढे आणून धूर हाताने तुमच्याकडे ढकलते, मग खलात कुटून जेबेनात, म्हणजे मातीच्या लांब मानेच्या सुरईत, उकळते. बाजूला ऊद जळत असतो आणि लाह्यांची टोपली फिरते. कॉफीला तिथे ‘बुन्ना’ म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं कॉफीच्या बियांना बुंद म्हणत, तो शब्द याच कुळातला. कप तीन होतात: अबोल, तोना आणि बेरेका. तिसरा सगळ्यात पातळ, पण तोच आशीर्वादाचा, त्याचं नावच आपल्या बरकतीचं भावंड. तो न घेता उठणं यजमानाला लागतं. तुमचं पुढचं विमान रात्रीचं असेल तर पाचला तिथे पोचा, म्हणजे सासूबाईंना घाई न करता तिन्ही कप होतील.